खाडाखोड नसलेली वही

मोजणीच्या वहीत रबर चालत नाही. मी मोजणी खात्यात सदतीस वर्षं साखळी ओढली, पण रबर वापरणारा साहेब पाहिला नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, चुकलेला आकडाही वाचता येईल अशी. बरोबर आकडा त्याच्या डोक्यावर लिहायचा. चूक झाकली की पुढची सगळी मोजणी तिच्यावरच उभी राहते.

हे मी परभणीच्या कॉलेजातल्या मुलांना दरवर्षी सांगतो. तिथल्या सुकेशनी मॅडम शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टसाठी बाहेर काढण्याआधी मला बोलावून घेतात. माझा पटका बघून मुलं आधी हसतात. मग मी त्यांना शेतात नेऊन विचारतो, हद्दीचा दगड कुणी उपटून नेला तर हद्द कशी सापडंल? कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडं दगड रोवताना खाली कोळसा पुरायची जुनी रीत आहे. दगड लोक चोरतात, कोळसा कुणी चोरत नाही आणि तो कुजतही नाही. हातभर खणलं की काळं लागतं. ते बघितल्यावर मुलं हसायची थांबतात.

आणखी एक गोष्ट मीच मॅडमना सुचवली होती. वहीच्या प्रत्येक पानाखाली, त्या दिवशी जागेवर हजर असलेल्या गावच्या माणसाची सही घ्यावी. म्हणजे पोरं खोलीत बसून आकडे लिहिणार नाहीत.

यंदा ती सही माझी होती, कारण प्रोजेक्ट माझ्या नातवाचं होतं.

भागवत माझ्या दत्ताचा मुलगा. पंचावन्नाव्या वर्षापर्यंत मला नुसते आकडे यायचे, तेही मोजणीची पट्टी धरून धरून. अक्षर येत नव्हतं. पगाराला अंगठा द्यायचो. भागवत पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पाटीशेजारी बसून मी अक्षरं गिरवली. सहीसुद्धा त्यानंच बसवून घेतली. माझं नाव येडबा; त्यातल्या 'ये'ची मात्रा मी उलटी काढायचो, तर माझ्याच हातावर फूटपट्टी हाणायचा. नोकरीची शेवटची पाच वर्षं मी सही करून पगार घेतला.

भागवत आणि त्याच्या वर्गातल्या तिघांनी आमच्या गावची पाणंद मोजायला घेतली. गावातून गोदावरीवर जाणारी ही वाट जुन्या नकाशात पूर्ण एक साखळी रुंद आहे, म्हणजे तेहतीस फूट. आमची आणि आणखी सात घरांची मेंढरं ह्याच वाटेनं पाण्यावर जातात. पण दोन्ही अंगांनी ऊस सरकत आला, वाटेलगतच्या बड्या बागायतदार आबासाहेबांचा जास्त. आता कळप एका रांगेत काढावा लागतो. ग्रामसभेत ठरलं होतं की मुलांचा नकाशा पुढं पाठवायचा आणि त्यात असेल तेवढ्या रुंदीचा रस्ता करून घ्यायचा. म्हणजे नकाशात वाट जेवढी, तेवढीच ती आम्हाला उरणार.

माझी बायको केवळाबाई अजून मेंढरांमागं जाते. तिनं भागवतला बजावलं, "नीट मोज रे लेकरा. मेंढराला कागद दाखवून पाणी पाजता येत न्हाई."

"आजे, माप चुकलं तर तुज्या मेंढरांला मी खांद्यावर न्हेतो," भागवत म्हणाला. सगळे हसले, मीही.

पहिल्या दिवशी चौघं आले. उसाच्या कडेपासून बरंच आत, सरीमध्ये, मी जुन्या हद्दीच्या दगडाची जागा दाखवली. खणलं, कोळसा लागला. भागवतनं मातीच्या हातानंच वही लिहिली, चार ठिकाणी चुकला, चार रेघा मारल्या. मी पानाखाली सही केली.

निघताना त्यानं बाकीची अकरा पानं माझ्यापुढं धरली. "आज्या, ह्याच्यावर आत्ताच सही करून ठीव. रोज कशाला उन्हात उभा राहतूस."

मी सही केली. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, हे मी गावात किती जणांना सांगितलं असेल. पण हा अंगठा नव्हता ना. सही होती, आणि मागणारा ती शिकवणारा होता. अकराही मात्रा मी जपून काढल्या.

पुढं मी विचारलं की तो म्हणायचा, चालू आहे. ऊस उंच होता, आत कोण आहे ते बाहेरून दिसत नाही. मी मानलं.

महिन्याभरानं ग्रामपंचायतीपुढच्या लिंबाखाली सभा भरली. सरपंच नर्मदाबाईंनी नकाशा दोरीला टांगायला लावला. रंगीत होता, सुबक होता. मी जवळ जाऊन वाचला. पाणंद दहा फूट.

"नर्मदाबाई, लावा ठराव," आबासाहेब म्हणाले. "पोरानं इमानानं काम केलंय. आन् आजाबी हजर होता, पानापानावर सही हाय म्हणत्यात."

मी भागवतकडं हात केला. "वही दे."

"घरी बघ की, आज्या."

"हितंच दे."

"पट्टी धरणाराला वही कळायली का आता?" आबासाहेब हसून म्हणाले.

"पट्टी धरणारालाच कळती, आबासाहेब. आकडा पट्टीवरच असतो."

मी पारावर बसून वाचायला लागलो. मला वेळ लागतो. ओठ हलतात. लोकांनी तंबाखू मळली, कुणी उठून पाणी पिऊन आलं. पहिल्या पानावर मातीचा अंगठा होता आणि चार रेघा. पुढच्या अकरा पानांवर डाग नाही, खाडाखोड नाही, सगळी एका पेनानं, एका बैठकीत लिहिल्यासारखी. पाचव्या पानावरची तारीख सोनपेठच्या बाजाराची होती. त्या दिवशी मी आणि केवळाबाई दोन बोकड घेऊन सोनपेठला होतो. खाली माझी सही होती.

भागवत शेजारी येऊन बसला. मी हळूच म्हणालो, "ह्यात एकबी आकडा चुकला न्हाई."

"मग चांगलंच हाय की."

"उसात उभं राहून कुणाचं एवढं बरोबर येत न्हाई, भागवत."

तो म्हणाला, "पुण्याला मुलाखत होती. त्यात लय दिवस गेले. मोबाईलच्या नकाशात वरनं वाट दिसती. दिसली तेवढी मोजली."

"वरनं ऊस दिसतो रे. तू सोता खणला होतास की कोळसा."

"नोकरी लागलीय, आज्या. प्रोजेक्ट बुडालं तर ती जाती. तू गप बस."

"मला सांगायचं तरी."

"तू वाचत बसशील असं वाटलं न्हाई," तो म्हणाला. "माझी वही म्हणल्यावर."

ते खरं होतं. दुसऱ्या कुणाची वही असती तर मी कोऱ्या पानावर सही केली नसती, आणि नकाशात दहा फूट दिसले नसते तर त्याची वही उघडलीही नसती. एवढा हिशोब त्यानं बरोबर केला होता. माझ्या अक्षराचा त्याला भरवसा होता, आणि मी ते त्याच्यावर कधी चालवणार नाही, ह्याचाही.

मी नर्मदाबाईंकडून पेन मागून घेतला. दुसरं पान उघडलं. सहीवर एक आडवी रेघ मारली, सही वाचता येईल अशी, आणि तिच्या डोक्यावर लिहिलं, 'मी हजर नव्हतो.' मग तिसरं पान. अकरा वेळा लिहिलं. भागवत तिसऱ्या पानालाच उठून गेला. पहिल्या पानावरची सही मी तशीच ठेवली. त्या दिवशी मी हजर होतो, आणि तोही.

"सही तुझीच ना, येडबा?" आबासाहेबांचा आवाज आता चढला होता.

"सही माझी हाय. मोजणी झाली न्हाई."

नर्मदाबाईंनी वही घेतली, दोन पानं वाचली आणि नकाशा दोरीवरून काढायला सांगितला. फोन त्यांनीच मॅडमना लावला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजणी झाली. मॅडम स्वतः आल्या, तीन मुलं आली. भागवत आला नाही. पुण्याच्या नोकरीचं काय झालं ते मला ठाऊक नाही; घरात कुणी सांगत नाही. सून शीला माझं ताट वाढून ठेवते आणि आत जाते. केवळाबाई एवढंच म्हणाली, "मेंढरं खांद्यावर न्हेणार होतं लेकरू."

पट्टी मी धरली. मंजुषा नावाची मुलगी वही लिहीत होती. संध्याकाळपर्यंत चार ठिकाणी कोळसा लागला, दोन उसात, दोन बांधाखाली. पाणंद तेहतीस फूट भरली.

मंजुषानं वही पुढं केली. मी पान शेवटपर्यंत वाचलं, तोवर ती उभी राहिली. तीन रेघा होत्या. मग मी सही करायला घेतली आणि 'ये'च्या मात्रेपाशी हात थांबला. कुठल्या बाजूला काढायची ते क्षणभर सुचेना.