गच्चीच्या भोकाला मिठाचा मोजा

सकाळी साडेनऊ वाजता माझ्या तोंडावरची जाळी काढली गेली आणि माझे हाल सुरू झाले.

मी कोरियातल्या चुनचॉन शहरातल्या एका सपाट गच्चीचं पाणी जायचं भोक बोलतोय. हसू नका. मी तुंबलो की घर रडतं.

त्या दिवशी किमचीच्या लोणच्याची कोबी धुवायला गल्लीतल्या बायका गच्चीवर जमल्या होत्या. पाणी हळू जातंय म्हणून घरच्या सासूबाईंनी, ओकबुननी, जाळी उचलून बाजूला ठेवली. "जाऊ देत पानं खाली, कुजतील!"

कुजतात कसली! माझ्या घशात बोळा झाला. मग थंडी पडली. बर्फ दुपारी वितळायचा, रात्री पुन्हा गोठायचा. गच्चीचं तळं झालं आणि पाणी झिरपत गेलं ते थेट तान्ह्या इरूच्या अंथरुणावर.

"अहो आई, छत गळतंय! बाळाची दुलई ओली झाली!" सून बोरा इरूला पाठीशी बांधून धावत वर आली.

माझ्या तोंडावरचा बर्फ फोडायला सासूबाईंनी हातोडा उचलला. माझी तर बोबडीच वळली.

"नका हो!" बोरा ओरडली. "गच्चीचा पाणी अडवणारा हिरवा रंग फुटला, तर सगळंच गळेल."

"मग काय फुंकर घालू?"

"मीठ द्या. तुमचं. मिठानं बर्फ वितळतो."

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. कडवट पाणी निथळावं म्हणून तीन वर्षं गोणीत ठेवलेलं खडेमीठ! शेजारणीला चिमूटभर द्यायचं तरी जिवावर यायचं. "किमचीचं मीठ या भोकात? डोकं फिरलंय का तुझं?"

तेवढ्यात इरू खोकला.

सासूबाई गुपचूप खाली गेल्या. गोणी घेऊन आल्या, पायातला लांब मोजा उतरवला, त्यात मीठ ठासून भरलं आणि माझ्या तोंडावरच्या बर्फावर आडवा टाकला.

"आई, मोजा धुतलेला तरी आहे का?"

"गप गं. भोकाला नाक असतं होय?"

असतं! पण सांगतो कुणाला?

संध्याकाळपर्यंत बर्फात वाट पडली. बोरानं हात घालून बोळा उपसला. तळं गटागटा माझ्या पोटात गेलं.

"ही पानं आली कुठून?"

"वाऱ्यानं आली असतील," सासूबाई म्हणाल्या आणि लगबगीनं जाळी बसवू लागल्या. खरं काय ते मला ठाऊक. पण जाळी बसली, तेवढंच बरं.

आता इरू कोरड्यात झोपतो. तुम्ही एवढं करा: थंडीआधी गच्चीवर जा, भोकात हात घालून बघा, आणि शेजारपाजाऱ्यांनाही सांगा. खाली कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.