कोंडूचं दुसरं बारसं

गोदूआत्यानं आजवर तीन नावं ठेवली होती आणि तिन्ही फुकट गेली होती. भावाच्या थोरल्याचं तिनं कोंडू ठेवलं. शाळेत घालताना भावानं, म्हणजे अनंतानं, त्याचं आदेश केलं. धाकटीचं काशी ठेवलं, तिची समीक्षा झाली. शेवटी त्यांच्या कुत्र्याचं वाळू ठेवलं, तर तो टायगर म्हटल्याशिवाय भाकरीला तोंड लावत नसे.

त्यामुळे भावजय शकूनं फोनवर सहज सांगितलं, की आदेशनं कॉम्प्युटरचा कसलासा ड्रायव्हर लिहिलाय आणि आता त्याला नाव द्यायचंय, तेव्हा आत्या उठलीच. आटगावहून शहापूर, शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून टोकावडे, अशा गाड्या बदलत ती डबाभर घुगऱ्या घेऊन दारात उभी राहिली.

"अवो वन्सं, पोर नाय झालं. ड्रायव्हर झालाय."

"नाव ठेवायचंय ना? मग आत्या लागते. पोर हाय का टेम्पो, ते मी इचारलं का?"

आदेश पडवीत लॅपटॉप घेऊन बसला होता. मुरबाडच्या बाजारातून त्यानं एक स्वस्तातलं नेटवर्क कार्ड आणलं होतं आणि त्याची सिस्टीम त्या कार्डाला ओळखच देईना. मग लावणीपासून कापणीपर्यंत खपून त्यानं दोघांतला मध्यस्थ लिहिला, तोच हा ड्रायव्हर. कार्ड काय म्हणतं ते सिस्टीमला सांगायचं, सिस्टीम काय म्हणते ते कार्डाला. लग्न जुळवणाऱ्या मामाचं काम, फक्त टॉवेल-टोपी मिळत नाही. ही सिस्टीम जगभरातली माणसं मिळून फुकट लिहितात, आणि त्यांच्यात रिवाज असा, की ड्रायव्हरचं जे नाव तेच कार्डाचं नाव.

रिवाज म्हटल्यावर आत्यानं मांडी ठोकली.

"नाव लहान पायजे, आत्या. लोकांना टाइप करावं लागतं."

"कोंडाजीराव."

"लहान गो."

"मग कोंडू." तिनं पदरानं चष्मा पुसला. "तुला नको झालं, त्याला तरी चालंल."

"मला कुठं नको झालं? मला कुणी इचारलं तरी का?" आदेशनं लॅपटॉपवर पाच इंग्रजी अक्षरं टाइप केली. "आता याच्यापुढं आकडा मशीन लावते. पहिल्या कार्डाला शून्य, दुसऱ्याला एक."

"पहिल्यालाच शून्य? त्यानं असं काय केलं?"

"रिवाज हाय."

"मग ऱ्हाऊ दे."

लॅपटॉपला जोडलेल्या वायरीसकट कार्ड सुपात ठेवलं. त्याचा कान शोधण्यात थोडा वेळ गेला; शेवटी केबल लावायचं भोक सर्वानुमते ठरलं. आत्यानं तिथं तोंड नेऊन "कुर्रऽ" केलं आणि नाव सांगितलं. अशा वेळी आत्याच्या पाठीवर थाप मारायची असते. शकूनं ती मारली, आणि तिच्यात नणंद-भावजयीचा सगळा जुना हिशेब घातला. मग सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. कार्डाचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे बाळाची तब्येत चांगली होती.

पण आत्याचा जीव टांगणीलाच होता. बारसं झालं म्हणजे नाव टिकलं, असं तिच्या बाबतीत कधी झालंच नव्हतं. त्यात सिस्टीम लिहिणाऱ्यांत पोलंडचा एक म्हातारा निघाला. नवी नावं तोच तपासायचा. त्यानं विचारलं, हे नाव कशावरून? आदेशनं लिहिलं, आत्यानं ठेवलं, आमच्याकडे तो अधिकार तिचा. बरेच दिवस काही नाही. मग उत्तर आलं: "नियम पुन्हा वाचले. आत्याविरुद्ध नियम नाही. घेतलं."

शिमग्याला आत्या परत टोकावड्याला आली, तेव्हा अनंता फुगून बसला होता. मुरबाडच्या कंपनीत त्याच्या साहेबानं विचारलं होतं, मुलाच्या ड्रायव्हरचं नाव काय?

"कोंडू सांगायची लाज वाटते रे. बदल ना. काहीतरी नव्या जमान्याचं ठेव. आर्यन ठेव."

आत्याच्या हातातली पुरणपोळी हातातच राहिली. हेच बोलणं तिनं शाळेच्या वेळी ऐकलं होतं. तेव्हा पोरगा दप्तर घेऊन गप उभा होता.

"नाय बदलता येत, बाबा," आदेश म्हणाला.

"का? कोरटात जावं लागतं?"

"लोकांनी आपापल्या मशीनीत हेच नाव लिहून ठेवलंय. पोलंडात हाय, ब्राझीलमध्ये हाय. आता मी बदललं तर त्यांची मशीन कोंडूला शोधत बसंल, आन् नेट बंद. एकदा लोकांच्यात गेलेलं नाव बदलायचं नसतं. तो पन रिवाज हाय."

"परत बोल," आत्या म्हणाली.

"नाय बदलता येत."

"आजून एकदा. तुझ्या बापाला कमी ऐकू येतं."

आदेश परत बोलला. या वेळी रस्त्यापलीकडच्या धाब्यापर्यंत ऐकू गेलं. अनंतानं निमूटपणे दुसरी पोळी घेतली. थोड्या वेळानं म्हणाला, "ब्राझीलमध्ये पन? साहेबाला सांगतो."

निघताना आत्यानं अंगणात वाळूला हाक मारली. त्यानं कानसुद्धा हलवला नाही. तिनं मनावर घेतलं नाही. पिशवी उचलली, पाठ ताठ केली आणि एसटीसाठी रस्त्याला लागली. ब्राझीलमध्ये कोंडू चालू होता.