वरुणरावांच्या हातची पांढरी काठी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी काठी आहे. मला पाहून कुणी घाबरत नाही. घाबरते ती मीच. मोठ्या गाडीचे इंजिन जवळ घुरघुरले की मुठीपासून टोकापर्यंत मी आजही थरथरते.

तिरुचिरापल्लीच्या एका कारखान्यात वेत तासून मला घडवले. टोकाला लाल पट्टा दिला, मुठीला कातड्याची वादी लावली. वादी मनगटात अडकवली की काठी हातातून सुटत नाही. मला त्या वादीचा फार अभिमान होता.

मी वरुणरावांकडे आले. मराठी राजांच्या काळापासून तंजावूरला वसलेल्या मराठी घरातले ते, राजवाड्यामागच्या गल्लीत राहत. जन्मापासून त्यांना दिसत नव्हते. पापनाशमच्या एका कचेरीत ते टेलिफोनच्या बोर्डावर बसत. घरात मराठी, रस्त्यात तमिळ आणि फोनवर इंग्रजी, असा त्यांचा दिवस जाई.

रोज सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या थांब्यावर उभे राहायचो. आपली बस ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखत. ती थांबली की मी पायरी चाचपायची, उंची सांगायची आणि मग ते पाऊल टाकायचे. तेव्हा मला भीती ठाऊक नव्हती.

मग १९९३च्या सुमारास त्या रस्त्यावर नव्या खासगी बस वाढल्या. आत सिनेमाची गाणी मोठ्याने लावलेली, हॉर्न कान फाडणारे. त्या गोंगाटात वरुणरावांना इंजिन ऐकू येईना. पुढचा थांबा दुसऱ्या गाडीच्या आधी गाठायचा म्हणून बस पुरत्या थांबतही नसत. पायरी माझ्या टोकाखालून सरकायची आणि माझा जीव गोळा व्हायचा.

त्या सकाळी बस थांब्याच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. माणसे धावली. आम्ही शेवटी पोचलो. मी पायरीवर टेकले, इतक्यात कंडक्टरने शिट्टी फुंकली आणि 'चला' म्हणून तमिळमध्ये ओरडला.

"पोलाम्, राइट!"

गाडी हलली. मी पायरी आणि दाराच्या लोखंडी दांड्यामध्ये अडकले. वादी वरुणरावांच्या मनगटात होती. ते गाडीबरोबर पळू लागले. चार पावले, पाच, सहा. त्यांची चप्पल निघाली. मित्रांनो, ज्या वादीचा मला अभिमान होता, ती तुटावी म्हणून मी देवाची करुणा भाकत होते.

ती तुटली. ते गुडघ्यांवर पडले. आणि मी त्यांच्याशिवाय पुढे निघाले.

मागे काय झाले ते मला कळेना. मागून येणाऱ्या दुसऱ्या बसचा हॉर्न तेवढा ऐकू येत होता.

दाराजवळ विशालाक्षी उभी होती. तीही तंजावूरच्या मराठी घरातलीच, पापनाशमला टायपिस्ट होती. वर्षभर आमच्याच बसने जायची, पण कुणाशी फारसे बोलत नसे. तिने मला ओढून काढले.

"गाडी थांबवा," ती कंडक्टरला तमिळमध्ये म्हणाली.

"उशीर झालाय, अम्मा. त्यांना कुणीतरी बाजूला नेईल."

"त्यांची काठी माझ्या हातात आहे. ते रस्त्यात आहेत."

कंडक्टरने मान फिरवली. तेव्हा ती गर्दीतून वाट काढत थेट ड्रायव्हरपाशी गेली आणि मला त्याच्या डोळ्यांपुढे आडवे धरले. गाडी थांबली. ती उतरली आणि मला घेऊन उलट पळत सुटली.

वरुणराव रस्त्याच्या मधोमध उभे होते. दोन्ही हात पुढे, तळवे रक्ताळलेले. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या आणि ते एक पाऊलही टाकत नव्हते. विशालाक्षीने त्यांना ओढले नाही. जवळ जाऊन मराठीत म्हणाली, "वरुणराव, काठी आणलीय." आणि मला त्यांच्या हातात दिले. त्यांची मूठ इतकी थंड मी कधी अनुभवली नव्हती.

"बस गेली का?" त्यांनी विचारले.

"गेली."

"म्हणजे माझ्यामुळे तुमचीही चुकली."

मग त्यांनी तिचे कोपर धरले आणि आम्ही कडेला आलो.

त्यानंतर नऊ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. पत्नी कनकलता नवी वादी शिवायला बसल्या, तर ते म्हणाले, "नको. वादी लावू नकोस." दहाव्या दिवशी मात्र त्यांनी मला उचलले. "बोर्डावर किती दिवस दुसरं कुणी बसेल?" एवढेच बोलले.

थांब्यावर विशालाक्षी होती. बस आली. तिने एक पाऊल पायरीवर ठेवले, दुसरे रस्त्यावरच, आणि दांडा धरून उभी राहिली.

"चढा, अम्मा," कंडक्टर म्हणाला.

"आधी ते."

आतली माणसे कुरकुरली. कंडक्टरच्या ओठांतली शिट्टी तशीच राहिली. आधी मी वर गेले, मग वरुणरावांचा डावा पाय, मग उजवा. त्यानंतर तिने रस्त्यावरचे पाऊल उचलले.

पुढची अकरा वर्षे, निवृत्त होईपर्यंत, ते त्याच रस्त्याने कचेरीला गेले. मी रोज घाबरले आणि रोज गेले.

मित्रांनो, माझ्यासारखी काठी थांब्यावर दिसली तर तिला धरून ओढू नका. आधी विचारा, मग आपले कोपर पुढे करा. आणि त्या माणसाचे दुसरे पाऊल वर पडेपर्यंत तुमचे एक पाऊल रस्त्यावरच राहू द्या.