मलई कुठी टाकता?

आईचं दूध आधीच गोठवलं की सगळा खेळखंडोबा होतो. पेशी फुटतात आणि आम्हाला हव्या असलेल्या, दुधातल्याच डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्याशा पिशव्यांत त्यांचा कचरा मिसळतो. या पिशव्यांतून आईचं शरीर बाळाला निरोप धाडतं म्हणे. तेच निरोप शोधायचे, म्हणून दूध ताजं असतानाच यंत्रात फिरवायचं. चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत ही माझी, सायमाची, रोजची कटकट.

दूध द्यायची कुंता. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरची. तिची लेक दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. शेजारच्या वॉर्डात, काचेच्या पेटीत, नळीनं आईचं दूध घ्यायची. तिला पुरून उरेल तेवढंच आम्ही घेत होतो.

एका दुपारी कुंता दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"बाई, सकाळनंतर दूध उतरूनच नाई राह्यलं. पोरीपुरतंबी नाई. तुमी माह्यं दूध कचऱ्यात टाकता, म्हणून आटलं."

माझं डोकंच फिरलं. "कोण म्हणालं? ये, बघ."

तिनं सकाळी दिलेलं दूध नुकतंच फिरून झालं होतं. नळीत वर मलई, खाली पातळसर दूध, तळाला पेशींचा गाळ.

"यातलं काय ठेवता?"

"मधलं."

"हे पाणी? अन् मलई कुठी टाकता?"

मी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीकडे पाहिलं.

"पाणी ठेवता अन् मलई फेकता!"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिच्या घरी आईचं उरलेलं दूध उंबराच्या मुळाशी ओततात. भलतीकडे टाकलं तर पान्हा आटतो, असं सासूनं तिला बजावलेलं. असं काही नसतं, हे सांगायला माझी जीभ वळवळत होती. पण घाबरलेल्या आईला पान्हा फुटत नाही, हेही मला ठाऊक होतं.

नियम गेला खड्ड्यात. मधलं दूध काढून घेतलं आणि मलई वाटीत दिली. आवाराच्या भिंतीलगत उंबर आहे. कुंतानं मुळाशी मलई ओतली, मातीवरून हात फिरवला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली. मीही रडले, लपवू कशाला?

त्याच रात्री तिला दूध उतरलं.

पुढच्या आठवड्यात ती धावतच आली. बाटलीच्या तळाशी जेमतेम चार थेंब.

"बाई, पोरगी आज अंगावर पेली! सारंच पेली. तुमच्यासाठी एवढंच उरलं."

तेवढ्या थेंबांत माझं काहीच होणार नव्हतं. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"उद्या आणू नको, कुंता. परवाही नको. सारं तिलेच पाज."