तितर छाप

अवधूतच्या चहाची कुणीतरी नक्कल करून विकतंय, हे कळलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आईला वाटलं, मित्रावर संकट आलं म्हणून मी काळजीत आहे. पद्मजाला, माझ्या बायकोला, माझे गुण ठाऊक. भाजी वाढता वाढता ती म्हणाली, "आपल्या मालाची नक्कल होत नाही म्हणून झुरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहून राह्यली."

झुरत होतोच मी. का झुरू नये? यवतमाळच्या एकाच गल्लीत आम्ही वाढलो. दोघांचे बाप कचेरीत कारकून. दोघांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत शेजारी शेजारी शेड घेतलं. धंदाही एकच: आसामची पत्ती मागवायची, मिसळायची, पुड्यांत भरून विकायची. त्याच्या पुडीवर तितर पक्ष्याचं चित्र. माझ्या पुडीवर माझ्या मुलीचं नाव, 'भैरवी', छान वळणदार अक्षरात. बाजारात बाया दुकानदाराला म्हणायच्या, तितर द्या. भैरवी द्या असं म्हणताना मी अजून कुणाला ऐकलं नव्हतं. जिल्ह्यात कापसाला भाव नव्हता, लोक चहात साखर जपून टाकत होते, तरी तितर खपत होतं. आणि आता तर कुणीतरी चोरून त्याचं चित्र छापत होतं. चोरसुद्धा ज्याच्याकडे काही असतं त्याच्याच घरी जातो. माझ्या दाराकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

आणि माझा चहा त्याच्यापेक्षा चांगला होता. हे मी जळून म्हणत नाही. जळत होतो हे खरं, पण चहा चांगला होता हेही खरं. शेडच्या मागे बोअरजवळ पद्मजानं गवती चहा लावला होता. तो सावलीत वाळवून, बारीक करून मी पत्तीत मिसळायचो. इतका थोडा, की डोळ्यांना दिसू नये, फक्त घोट उतरल्यावर मागं वास राहावा. अवधूतला असले सोस नव्हते. त्याचं तितर बोलायचं, पत्तीला बोलायची गरजच नव्हती. माझ्या पुड्या मात्र दुकानांतून परत यायच्या. मग तीच पत्ती पोत्यांत भरून मी पांढरकवड्याच्या नागोरावला द्यायचो. तो ठोक व्यापारी, हायवेवरच्या ढाब्यांना पुरवतो म्हणायचा. त्याच्या जिवावर शेड चालू होतं. पण पोत्यावर कुणाचं नाव नसतं. हे साल गेलं की शेड विकून टाकायचं, असं पद्मजाशी ठरलं होतं. त्याआधी कुठंतरी, एखाद्या गावात का होईना, भैरवी ही भैरवी म्हणून खपावी एवढीच माझी हाव उरली होती.

अवधूत एका सकाळी जीप घेऊन आला. "नरहर, चाल ना माझ्यासोबत. झरी जामणीकडच्या तांड्यांत नकली माल घुसला म्हणतात. लोक माझ्या नावानं बोंबलत असतील. एकट्यानं जायला कसंतरी वाटते."

मी लगेच हो म्हटलं. लोक तितरच्या नावानं बोंबलताना मला ऐकायचंच होतं. रंगवलेला भुसा भरला असेल, पोटं बिघडली असतील. कुणाच्या जिवावर बेतावं असं माझ्या मनात नव्हतं, पण दोन-चार जुलाब चालले असते. निघताना भैरवीच्या थोड्या पुड्या पिशवीत टाकल्या. एकाचा पाय घसरतो तेव्हाच दुसऱ्याला वाट मिळते.

जीपमध्ये अवधूतनं मला खूण सांगितली. खऱ्या पुडीवरचं तितर उजवीकडं पाहतं, नकली पुडीवरचं डावीकडं. छापणाऱ्यानं चित्र उलटं लावलं होतं. लोक चित्र पाहून घेतात, त्याचं तोंड कुठं आहे ते कोण पाहतो.

तांड्याचा नायक किसनसिंग. त्याच्या ओसरीत भाव येईल म्हणून थांबवलेला कापूस आढ्यापर्यंत रचला होता. "आवो, बेसो," म्हणत त्यानं बाज पुढं ओढली. अवधूतनं आपली ओळख दिली आणि तितरवाला मालक आला म्हणून आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या. कुणीतरी बाजेवर त्याच्यासाठी गोधडी अंथरली. मी पायथ्याशी, लाकडी दांडीवर, त्याचा मुनीम असल्यासारखा. एक म्हातारी तर त्याच्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडून गेली. माझा जीव नुसता जळत होता.

"माझ्या चहाबद्दल काही तक्रार, नायक?" अवधूतनं भीत भीत विचारलं.

"चहाची कायची तक्रार? असा चहा तं पाह्यला नाही," किसनसिंग म्हणाला. "बाकीच्याईनं मारलं आमाले. बियाणं नकली निघालं. फवाऱ्याचं औषध नकली निघालं. बाटलीवर चित्र बराबर, आत पाणी. तवापासून तांड्यात कायदा केला. कोन्तीबी चीज आधी माह्या घरी येते. माही घरवाली जमनी पाह्यते. तिनं पास केली तं तांडाभर तेच, दुसरी छाप कोणी आणाची नाही."

"अन नकली माल घेऊन कोणी आला तर?"

"बाजाराच्या दिवशी डफडं वाजवून त्याचं अन त्याच्या बापाचं नाव सांगतो. औषधवाल्याचं सांगतलं. तो गाव सोडून गेला."

जमनी चहा घेऊन आली. अवधूतनं घोट घेतला, डोळे मिटले आणि त्याचा चेहरा खुलला. "हा माझाच. अस्सल. नायक, नकलीत ही चव येऊच शकत नाही. घोट गिळल्यावर मागून वास येते ना, तेच तर आपलं तितर."

मी कप तोंडाला लावला. तो वास पद्मजाच्या गवती चहाचा होता. चहा माझा होता.

एका घोटात सगळं लक्षात आलं. नागोराव कुठल्याच ढाब्यांना काही पुरवत नव्हता. माझी पोती फोडून तो पत्ती तितरच्या खोट्या पुड्यांत भरत होता. तांड्यातांड्यांत ज्याची वाहवा चालली होती, तो मीच होतो. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. शहाण्या माणसानं तो कप गुपचूप संपवला असता आणि परतताना नागोरावचं मानगूट धरलं असतं. पण अवधूत थांबेचना.

"रक्त आटवलं नायक, तेव्हा हा वास जमला," तो म्हणाला, आणि बाया माना डोलावू लागल्या.

तिथं माझा तोल गेला. मी पिशवीतून भैरवी काढली आणि जमनीच्या हातात दिली. "बाई, हा वास माझा आहे. हा माझा चहा. घ्या, पाहा."

जमनीनं पुडी फोडली. तळवा पाण्यानं ओला केला, चिमूटभर पत्ती त्यावर चोळली, रंग पाहिला, वास घेतला. मग आत जाऊन तितरची पुडी आणली आणि तीही तशीच चोळली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"वास तोच. रंगबी तोच," ती म्हणाली. माझी छाती फुगली. "पण याच्यावर तितर नाही. हे आपल्या तितरची नक्कल होय." तिनं पुडी माझ्यापुढं धरली. "शिकलेसवरले दिसता भाऊ. असे धंदे कायले करता?"

नक्कल तुमच्या घरात आहे आणि अस्सल तुमच्या हातात, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मग माझा चहा त्या पुडीत कसा गेला ते सांगावं लागलं असतं. नागोराव, पोती, ढाबे. आणि मला यातलं काही माहीत नव्हतं, यावर कोणी विश्वास ठेवला असता? मीच ठेवला नसता.

अवधूतनं जमनीच्या हातातून तितरची पुडी घेतली. पक्षी डावीकडं पाहत होता. अवधूत आधी पुडीकडं, मग आपल्या कपाकडं, मग माझ्याकडं पाहत राहिला. त्याचा हिशेब जुळला होता. नकली तितर काढणारा शेजारच्याच शेडमध्ये बसतो, हे त्याच्या मनात पक्कं झालं होतं. रागावला असता, थोबाडीत मारली असती, तरी मी सहन केलं असतं. त्याच्या डोळ्यांत कीव होती.

किसनसिंग बाजेवरून उठला. "याचं नाव काय सांगतलं तुमी? अन बापाचं?"

बापाचं नाव. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली होती. कचेरीतली माणसं अजून आईला रस्त्यात थांबून नमस्कार करतात, ते बाबांच्या नावामुळे.

"थांबा नायक," अवधूत म्हणाला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तसं काही नाही. पत्ती माझीच आहे. याचा माल खपत नाही, म्हणून मीच याला देतो. लहानपणचा दोस्त आहे. पुडी याची, चहा माझा."

"खरं होय का, भाऊ?" नायकानं मला विचारलं.

तो हात मला झटकून टाकायचा होता. सगळं अंग पेटलं होतं माझं. "हो," मी म्हणालो. "चहा याचाच आहे."

जमनीच्या कपाळावरची आठी गेली. तिनं माझी पुडी दुमडून जवळ ठेवली. "मंग काही नाही. तुमीच आणत जा तांड्याले. पण त्याच्यावर तितर लावून आणजा."

"लावेल तो," अवधूत म्हणाला.