कुझेसाहेबांची बैलचाल

त्या दिवशी संसदेत कोण कोणाच्या बाजूने आहे, हे मला सकाळी दहापर्यंत नीट कळत होतं. त्यानंतर सगळं डोक्यावरून जायला लागलं.

मी होरिए साचियो. खासदार कुझे तेइजी यांची तीस वर्षं सचिव आहे. त्यांची भाषणं मी लिहिते, चष्मा मी शोधते, आणि वर बोलणीही मीच खाते. आम्ही दोघं हिनोसावा खोऱ्यातले. आणि त्या दिवशी ज्या विधेयकावर मतदान होतं, त्यात हिनोसावा मतदारसंघच पुसून टाकलेला होता. आमचं अख्खं खोरं उचलून खाली किनाऱ्याच्या मतदारसंघाला जोडलेलं. शिवाय सगळ्यांच्या मताची किंमत सारखी राहावी म्हणून यापुढे दर जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा एक आयोग आखणार, खासदारांनी त्यात नाक खुपसायचं नाही.

आता गंमत बघा. हे विधेयक आणलं होतं साहेबांच्याच पक्षाने. विरोधकांना प्रत्येक मताची किंमत सारखी हवीच होती, पण आयोगावरची माणसं पंतप्रधान नेमणार म्हणून ते विरोधात. म्हणजे ज्यांना हवं ते नको म्हणणार, आणि साहेबांसारखे, ज्यांना नको, ते हवं म्हणणार. हे मी आईला फोनवर समजावायला गेले आणि अर्ध्यात मलाच कळेना मी काय सांगतेय.

"ते मरू दे," आई म्हणाली. ती तिकडे खोऱ्यात टीव्हीसमोर ठाण मांडून बसली होती. "साहेब निळी टाकणार ना?"

आमच्याकडे प्रत्येक खासदाराच्या बाकावर त्याच्या नावाच्या लाकडी पट्ट्या असतात. पांढरी म्हणजे होकार, निळी म्हणजे नकार.

"पक्षाने पांढरी सांगितलीय, आई. निळी टाकली तर हाकलून देतील."

"पक्षाला काय जातंय सांगायला! आपलं टोकियोत आहे कोण? एक हाच माणूस. त्यानेच उठून आपलं दार लावून घ्यायचं होय? निळी टाकायला सांग. नाहीतर तूही येऊ नकोस नवीन वर्षाला."

झालं! पांढरी टाकली तर खोरं तोंड बघणार नाही, निळी टाकली तर पक्ष. आणि साहेब आठवडाभर मूग गिळून बसलेले.

चर्चा सुरू झाली. मी कार्यालयातल्या टीव्हीवर बघत होते. साहेब तिसऱ्या रांगेत डोळे मिटून बसले होते. त्याला चिंतन म्हणतात ते, पण मला घोरण्याची लय ओळखता येते. त्यांचं सभागृहातलं खरं काम म्हणजे आरोळ्या ठोकणं. आपला माणूस बोलला की "अगदी बरोबर!", समोरचा बोलला की "बसा खाली!" या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

विरोधकांच्या मियाबेबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक जुना कागद होता.

"समान मत आम्हालाही हवंय, पंतप्रधानांचा आयोग नको. मी एक वाक्य वाचते," त्या म्हणाल्या. "'एका गावच्या माणसाला एक मत आणि दुसऱ्या गावच्या माणसाला अर्धं, असं ज्या देशात चालतं, त्या देशाने अर्ध्या माणसांना घराबाहेर उभं केलेलं असतं.'"

"अगदी बरोबर!" साहेब झोपेतून ओरडले. झोपेतही त्यांना टाळीचं वाक्य कळतं.

मियाबेबाई हसल्या. "धन्यवाद, कुझेसाहेब. हे वाक्य तुमचंच आहे. तीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या भाषणातलं."

मग जो हशा पिकला! अध्यक्षही रुमालात तोंड घालून खोकायला लागले. साहेब इकडेतिकडे बघत होते, चुकीच्या स्टेशनवर उतरल्यासारखे. मला मात्र हसू आलं नाही. ते वाक्य माझं होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. खोऱ्यात घड्याळांचे कारखाने जोरात होते, माणसं मावत नव्हती, आणि किनाऱ्यावरच्या एका मताइतकं वजन यायला आमची दोन मतं लागायची. रागाने मी ते भाषण एका बैठकीत लिहिलं होतं. आता कारखाने गेले, माणसं गेली. आता आमचंच एक मत त्यांच्या दोन मतांइतकं जड झालं होतं, आणि आम्हाला ते सोडवत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत साहेब कार्यालयात आले. मी सोबा नूडल्सचा वाडगा पुढे ठेवला. त्यांनी चॉपस्टिक्स उचलल्याच नाहीत.

"होरिएबाई, ते वाक्य खरंच माझं?"

"माझं. तुम्ही वाचलं."

"तरीच म्हटलं, मी इतकं शहाण्यासारखं कधी बोललो!" त्यांनी वाडगा बाजूला सारला. "मग तूच सांग आता. पांढरी की निळी?"

माझ्या डोळ्यांसमोर तो कागद आला. आणि टीव्हीसमोर बसलेली आई आली.

"मला कळत नाही, साहेब. आई म्हणते निळी."

"तीस वर्षं मी तोंड उघडायच्या आत तुला कळायचं मी काय बोलणार. आणि आजच कळत नाही?"

"नाही कळत!" मी ओरडलेच. "प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का? खासदार तुम्ही आहात की मी?"

ते उठले. जाकिटाची बटणं लावून निघून गेले. सोबा तसाच राहिला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तो वाडगा धुवायलाही उठले नाही.

मतदान सुरू झालं. विरोधकांनी ठरवल्याप्रमाणे बैलचाल धरली. म्हणजे पट्टी हातात घेऊन व्यासपीठाकडे इतकं हळू जायचं की मतदान रेंगाळावं. एक पाऊल, थांबा, पुन्हा अर्धं पाऊल. ही आमच्या संसदेची जुनी खोड आहे. साहेब अशा लोकांवर आयुष्यभर खेकसत आले होते.

साहेबांच्या पक्षाची रांग मात्र टकाटक चालली होती. आणि त्या रांगेत अचानक खिंडार पडलं. पुढचे पुढे गेले, साहेब मागेच. पाय ओढत, बाकाला धरत, एक पाऊल, मग थांबा.

फोन वाजला. "अगं साचियो, साहेब बैलचाल चालतायत! आपले साहेब! शेजारपाजारचे सगळे आलेत इथे बघायला!"

"आई, त्यांचा गुडघा..."

"गप्प बस, बघू दे!"

विरोधी बाकांवरून टाळ्या पडायला लागल्या. साहेबांच्या पक्षाचे पुढारी मान वळवून वळवून बघत होते. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि जाहीर केलं, "दोन मिनिटांत मत न टाकणाऱ्यांचं मत धरलं जाणार नाही."

साहेब पहिल्या पायरीवर होते. मत बुडालं तर ना घर का ना घाट का, हे त्यांना कळत नव्हतं? मी टीव्हीलाच म्हणत होते, चला हो, चला. पण कोणती पट्टी घेऊन चला, ते मला अजूनही माहीत नव्हतं. दुसरी पायरी. तिथे ते उभेच राहिले. तिसरी. शेवटची काही सेकंदं उरली असताना त्यांनी हात पुढे केला.

पांढरी.

आईने फोन ठेवल्याचा आवाज आला.

विधेयक मंजूर झालं. पक्षाच्या पुढाऱ्यांना साहेबांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, आणि त्यांना ते पटलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी आम्ही खोऱ्यात गेलो. साहेबांची खासदारकी आता पुढच्या निवडणुकीपर्यंतच. लोक दारंसुद्धा उघडणार नाहीत, असं मी धरून चालले होते. पण समाजमंदिरात चाळीसेक बायका बसल्या होत्या, चहा होता, मुरवलेले सलगम होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शिव्याही दिल्या नाहीत. एकीने फक्त विचारलं, "साहेब, गुडघा कसा आहे?" साहेब म्हणाले, "बरा आहे," आणि सलगम खात राहिले.

आईने मला कोपऱ्यात ओढलं. "ऑपरेशन कोणत्या गुडघ्याचं झालं होतं?"

"डाव्या."

"टीव्हीवर उजवा पाय ओढत होते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तीस वर्षं त्या माणसाच्या मागे चालतेय मी, आणि मला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी स्टेशनवर आम्ही दोघंच होतो. मी विचारलंच. "साहेब, त्या दिवशी काय चाललं होतं तुमचं?"

"तुला कळत नव्हतं ना? मलाही कळत नव्हतं." त्यांनी टोपी सारखी केली. "हाताने तुझ्या त्या वाक्याचं ऐकलं. पायाने तुझ्या आईचं."

मला एकदम रडूच आलं. ते दुसरीकडे बघत राहिले, गाडी कधी येते म्हणून. मग पलीकडच्या फलाटावर जायचा जिना चढायची वेळ झाली, तेव्हा मी काही न बोलता त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.