गाडीच्या जागेवरची कोंबडी

वैजनाथ माझा धाकटा भाऊ. लातूरला राहतो आन तोंडाला येईल ते बोलतो. लहानपणापासून तसाच. त्याच्या त्या तोंडापायी यंदा संक्रांतीच्या टायमाला माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं, तेच सांगून राहिले.

सुदर्शन माझा एकुलता एक. तिशी ओलांडली तरी लग्नाचा पत्ता न्हाई. रेणापूरहून लातूरच्या मार्केटात भाजीपाला पोचवतो, पण गाडी दुसऱ्याची. पोरीवाले यायचे, चहा प्यायचे आन गाडी सोताची हाय का म्हणून विचारायचे. न्हाई म्हणलं की कप खाली. शेवटी पोरानं हिंमत केली आन बॅटरीवरची पिकअप बुक केली. धूर न्हाई, डिझेलची कटकट न्हाई. पण ती गाडी अजून बाजारातच आली नव्हती. कंपनी म्हणली, दसऱ्याला काढू. दसरा गेला. मग दिवाळी म्हणली. दिवाळीबी गेली. आता संक्रांत.

तरी आमच्या घरात गाडी दारात आल्यावानीच चाललं होतं. आमच्या मालकांनी, सुदर्शनच्या बापानं, जुना गोठा पाडून पत्र्याचं शेड मारलं, खाली कोबा केला, भिंतीला चार्जिंगचा बोर्ड बसवला. मी शेडाला लिंबू-मिरच्या बांधल्या. पूजेचा नारळ तर दसऱ्यालाच आणून ठेवला. येता-जाता कानाशी हलवून बघायची, पाणी हाय का आटलं. सुदर्शन जेवताना एका हातानं भाकर मोडायचा आन दुसऱ्या हातानं मोबाईलवर तीच गाडी बघायचा.

तेवढ्यात वैजनाथनं बिलोलीकडचं स्थळ आणलं. पोरगी सत्यशीला, शिकलेली आन सरकारी नोकरीत हाय म्हणे. मी म्हणलं, अरे, नोकरीवाली पोरगी आमच्या ड्रायवरला कशाला करील? तर मलाच गप केलं. त्यांना सगळं पसंत हाय म्हणला. आम्ही जाऊन पोरगी बघून आलो. लई गुणाची वाटली, बोलायला थोडकी. परत येताना सुदर्शन यष्टीत पुढं जाऊन बसला, तवा वैजनाथनं माझ्या कानात सांगितलं. पोरीच्या बापाला, बसवंतरावांना, त्यानं ठोकून दिलं होतं की पोराची सोताची बॅटरीची गाडी दारात उभी हाय.

मी त्याला यष्टीतच असं झापलं की माणसं माना वळवून बघायला लागली. पण घरी आल्यावर फोन उचलून खरं सांगावं, ते काय माझ्यानं झालं न्हाई. पोराला पोरगी आवडली होती. कधी न्हाई तो आरशापुढं उभा राहून भांग पाडत होता. मनात म्हणलं, ते लोक घर बघायला यायच्या आत गाडी आली की झालं. खोट्याचं खरं होऊन जाईल, कुणाला कळतंय. गाडी यावी म्हणून मी पोरापेक्षा जास्त वाट बघायला लागले. सुदर्शनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पाहुण्यांचं यायचं संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरलं. आन करीच्या दिवशी सुदर्शनच्या मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला. गाडी आता पाडव्याला. तो हसून म्हणला, आई, नारळ जपून ठेव. मी उठून मोकळं शेड झाडायला घेतलं.

रविवारी पाहुणे आले. बसवंतराव, त्यांची बायको आन पोरगी सोता. आजकाल पोरीबी घर बघायला येतात, चांगलंच हाय. चहा-पोहे झाले. बसवंतराव तोंड पुसत उठले आन म्हणले, चला, गाडी बघू.

शेड मोकळं. वैजनाथ लगेच पुढं सरला. गाडी भाड्यानं नांदेडला गेलीय म्हणला. बसवंतरावांनी सुदर्शनकडं बघितलं. गाडी नांदेडला आन गाडीवाला इथं पान-सुपारीचं ताट धरून उभा, मग चालवतंय कोण? ड्रायवर ठेवलाय, वैजनाथ म्हणला. बसवंतराव एकदम खूश. ड्रायवर ठेवणारा जावई! कोब्यावर तेलाचा एक डाग कसा न्हाई, असं त्यांनी विचारलं, तर वैजनाथ म्हणे बॅटरीची गाडी, तेल सांडंल कुठून. माझा भाऊ हाय, पण त्या घडीला त्याचं तोंड शिवून टाकावं वाटलं मला.

सुदर्शन तर खांबाला टेकला होता. आपल्या नावावर काय काय खपवलंय, ते पोराला आत्ता कळत होतं. त्याचा चेहरा पार उतरला.

सत्यशीलाचं ध्यान मात्र कोपऱ्यात होतं. चार्जिंगच्या बोर्डावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. आन त्याच्या खालीच, ऐन गाडीच्या जागेवर, आमची तांबडी कोंबडी पाटीत अंडी उबवत बसली होती.

"मावशी," ती म्हणली, "गाडी आत येते तवा ही कोंबडी कुठं जाते?"

वैजनाथनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"कुठंच जात न्हाई, बाई. गाडीच न्हाई. बुक केलीय, कंपनीनं अजून बाहेर काढली न्हाई. माझं पोरगं दुसऱ्याची गाडी चालवतं. खोटं बोलला माझा भाऊ, आन गप बसले ती मी. पोराला यातलं काय ठाऊक न्हाई."

मालक खाली मान घालून उभे. बसवंतरावांनी बायकोकडं बघितलं, बायकोनं पदर सारखा केला. संपलं, मनात म्हणलं. आता चपला घालतात.

"बाबा," सत्यशीला म्हणली, "आता तुम्ही सांगता का मी सांगू?"

बसवंतराव खाकरले, कपाळावरचा घाम पुसला आन हळूहळू सांगू लागले. पोरीनं नोकरीची परीक्षा दिलेली, पेपर चांगला गेलेला, पण निकालच लागला नव्हता. वर्ष होत आलं, आज लागंल, उद्या लागंल चाललंय. नोकरी हाय म्हणलं की स्थळं बरी येतात, म्हणून बापानं आधीच सांगून टाकलं होतं. पोरगी घरी त्याच्यावरून रोज भांडत होती.

मला जे हसू फुटलं ते थांबंना. पोरीच्या आईनं माझा हात धरला. म्हणली, तुम्ही ऑफिसचा पत्ता विचारता का काय म्हणून मला रात्री झोप न्हाई. मी म्हणलं, आन तुम्ही गाडीचा नंबर विचारता का काय म्हणून मला.

सुदर्शननं खांब सोडला. सगळ्यांसमोर सरळ तिच्याकडं बघितलं.

"मी सध्या दुसऱ्याच्या गाडीवर हाय," तो म्हणला. "चालंल का?"

"मी सध्या घरीच हाय. तुम्हाला चालंल का?"

बसवंतराव म्हणले, सुपारी फोडायची तर आजच फोडू, अजून कुणी काय सांगायच्या आत. घरात एवढी माणसं मावत नव्हती. मग झाडलेल्या शेडातच सतरंजी टाकली. मी आतून नारळ आणला. दिवसभर न बोललेले मालक तेवढ्यात म्हणले, अगं, तो गाडीचा हाय. मी म्हणलं, असू द्या. गाडीनं आपल्याला एवढं थांबवलं, आता नारळासाठी ती थांबंल. कानाशी हलवला. पाणी होतं. कोंबडीला कुणी उठवलं न्हाई.

पाहुणे गेले आन शेजारची साखराबाई कुंपणावरून वाकलीच. सून कुठं नोकरीला हाय म्हणून तिनं थेट वैजनाथलाच विचारलं. त्याचं तोंड उघडलं, मी बघितलं, तसं मिटलं.

"कुठंच न्हाई," तो म्हणला. "निकालाची वाट बघून राहिली."

"आन गाडी?"

"तीबी आली न्हाई अजून."

साखराबाई बरं म्हणून भांडी घासायला गेली. एवढंच झालं. आभाळ कोसळलं न्हाई का काय न्हाई. वैजनाथ उगंच ओशाळून पायरीवर बसला, आन मी त्याच्यासाठी परत चहा ठेवला, जरा साखर जास्त टाकून.